जमिनीचे दान आणि दानाची राखण

वऱ्हाडात दानाला तोटा कधीच नव्हता. देवळाच्या दिवाबत्तीसाठी इनाम, वाटसरूसाठी विहीर, भाकड गुरांसाठी गोरक्षण! अकोल्यातील एका हमरस्त्याला गोरक्षणाचे नाव मिळाले, ते काही उगीच नव्हे. परंतु ‘माझे हे शेत कुरण म्हणून राहावे, त्यावरचे गवत आणि झाड टिकावे’ एवढ्यासाठी मृत्युपत्र करणारा गृहस्थ आपल्याकडे विरळाच. आपली मने कोती म्हणून असे झाले, हे मला मान्य नाही.

पहिली अडचण कायद्याची होती. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित शेतावर मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होई, आणि एकत्र कुटुंबातील आपला अविभक्त हिस्सा कर्त्या पुरुषालाही मृत्युपत्राने कोणास देता येत नसे. हा अधिकार १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दिला. त्याआधी मृत्युपत्राने मोकळेपणी देता येई ती स्वकष्टार्जित मिळकत. आणि शेतकऱ्याचे शेत बहुधा आजा-पणजापासून आलेले. पुढे १९५८ चा विदर्भाचा कुळकायदा आला. शाळा, रुग्णालय, पांजरपोळ, गोशाळा, देवस्थान यांच्या विश्वस्त जमिनींना त्याने बऱ्याच कलमांतून सूट दिली. अट एवढीच की, सारे उत्पन्न त्याच कामी लागावे. या यादीत गाय आहे, गवत नाही.

इंग्लंडात याच प्रश्नाला निराळे वळण लागले. तेथे १८९५ साली ‘नॅशनल ट्रस्ट’ स्थापन झाला आणि १९०७ च्या कायद्याने त्याला आपली जमीन कायमची अविक्रेय ठरविण्याचा अधिकार मिळाला. मुलांसाठी सशांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटर या बाई १९४३ साली वारल्या, तेव्हा सरोवरांच्या डोंगराळ मुलखातील चार हजारांहून अधिक एकर त्यांनी या संस्थेच्या नावे केले होते. शिवाय तेथे हर्डविक जातीच्याच मेंढ्या राहाव्यात, अशी इच्छा लिहून ठेवली. बाई स्वतः मेंढ्या पाळीत. चरणारे जनावर गेले की चराऊ रानाचे रूप पालटते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आणि आपले गाडगेबाबा? दापुऱ्याला मामांचे शेत सावकाराच्या घशात गेलेले त्यांनी कोवळ्या वयात पाहिले, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांच्या शब्दाखातर लोकांनी धर्मशाळा बांधल्या, मूर्तिजापुरास गोरक्षण उभे राहिले. पण बाबांनी यातले काही स्वतःच्या घरच्यांसाठी ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. तोवर बाकीचा पसारा विश्वस्तांच्या हाती गेला होता. हयातीतच राखणदार नेमून मोकळे होण्याची ही रीत मला नुसत्या दानाहून मोठी वाटते.

श्रोतेहो, आज मार्ग बराच मोकळा आहे. विश्वस्त व्यवस्थेची नोंदणी करता येते, आणि तिची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवाचून विकता येत नाही. तरीही कागद म्हणजे कुंपण नव्हे. आपली काळी माती पहिल्याच जोरदार पावसात नाल्याची वाट धरते. धुरा दरसाल बांधावा लागतो, राखणदाराला दरमहा पगार लागतो, चराई कोणी, किती आणि कोणत्या महिन्यात करावी हे ठरवून द्यावे लागते. हे सारे दात्याच्या मागे कोणी फुकट करणार नाही. म्हणून पाच एकर कुरणासाठी लिहून देणाऱ्याने सहावा एकर कपाशीखाली ठेवावा, आणि त्याचे उत्पन्न या पाचांच्या राखणीला लावून द्यावे.