जुन्या इंजिनाचे तेल



इतिहास म्हटला की राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आम्ही टॅक्सीचालकांची संघटना बांधण्यात वय घालविले. आम्हांला इतिहास भेटला तो तेलाच्या डब्यावर. २००२ साली मुंबईत एका मालकाने आपल्या झिजलेल्या पद्मिनी टॅक्सीत नव्या मोटारींसाठीचे पातळ तेल ओतविले. तेलाचा दाब उतरला, बेअरिंगे जळाली, आणि खर्च चालकाच्या माथी मारला गेला. गाडी नीट चालविली नाही, हा ठपका आम्हांला खोडता आला नाही; कारण डबा आम्हांलाही वाचता येत नव्हता. तेव्हापासून आम्ही वाचू लागलो.

आरंभीच्या मोटारींत एरंडेलही वापरीत. ते तापल्यावरही धातूला धरून राही, पण त्याचा चिकट थर साठे. ‘कॅस्ट्रॉल’ या १९०९ सालच्या नावात तोच एरंड आहे. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या ‘एसएई’ संस्थेने तेलांना क्रमांक दिले. हा क्रमांक दाटपणा सांगतो, गुणवत्ता नव्हे. ‘२०डब्ल्यू-४०’ म्हणजे थंडीत २० क्रमांकाच्या तेलासारखे, तापल्यावर ४० क्रमांकाच्या तेलासारखे. नव्या इंजिनांतील फटी अरुंद. त्यांना ‘०डब्ल्यू-२०’ सारखे पातळ तेल मानवते. झिजलेल्या इंजिनात तेच तेल रुंदावलेल्या फटींतून निसटते.

दुसरी गोष्ट जस्ताची. १९४० च्या दशकापासून तेलात जस्त व फॉस्फरस यांचे संयुग मिसळू लागले. पद्मिनीसारख्या जुन्या घडणीच्या इंजिनांत कॅम टॅपेटवर घासत फिरतो. तेथली झीज हे संयुग अडविते. पण फॉस्फरसामुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत जातो. म्हणून २००४ च्या ‘एसएम’ दर्जात पातळ तेलांतील फॉस्फरसावर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. नव्या गाडीस हे हितकर, जुन्या टॅपेटास नव्हे.

तेव्हा सर्वांत महाग तेच सर्वांत चांगले, हा भ्रम सोडावा. प्रथम गाडीच्या पुस्तिकेतील क्रमांक पाहावा, मग जस्ताचे प्रमाण. आत जुना गाळ असेल, तर ऑइल चेंबर उघडून तो आधी काढावा. नाहीतर नव्या तेलातील साफ करणारी द्रव्ये तो सुटा करतात आणि तेलाची वाट तुंबते.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. जुने ट्रॅक्टर आणि जुन्या जीपा मात्र अजून अनेकांचे पोट भरीत आहेत. त्यांच्या चालकावर ठपका येईल, तेव्हा आपण आधी तेलाचा डबा मागावा.