सातबारा, तलाठी आणि एआय एजंट: वर्णन नेमके का असावे?

१/ शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत ‘सातबारा’ हा शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. मात्र सातबारा हा मुळात एक कागद नव्हे. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ असे दोन वेगळे नमुने त्यात एकत्र आले आहेत. एआय एजंटला दिलेल्या साधनांचे वर्णन कसे लिहावे, हा आजच्या संगणकक्षेत्रातला प्रश्न आहे. त्याचे जवळचे पूर्वरूप याच महसुली दप्तरात सापडते.

२/ प्रथम एजंटविषयी. केवळ उत्तर न देता प्रत्यक्ष काम करणारी प्रणाली म्हणजे एजंट. नोंद शोधणे, हिशेब करणे, अर्ज भरणे अशी साधने, म्हणजेच टूल्स, तिच्या हाती दिलेली असतात. साधनाच्या आतली रचना तिला सहसा दिसत नाही. दिसते ते साधनाचे नाव, त्याचे थोडक्यात वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी. कोणते साधन केव्हा वापरायचे, हे तिने एवढ्यावरूनच ठरवायचे असते.

३/ नव्याने सज्जावर आलेल्या तलाठ्याची स्थिती फारशी वेगळी नव्हती. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. पुढे अँडरसन या अधिकाऱ्याच्या महसुली हिशेबांवरील मार्गदर्शिकेने गावपातळीवरील नमुन्यांना शिस्त लावली. १ ते २१ अशा क्रमांकांचे हे गाव नमुने आजही ओळखीचे आहेत. माळशेजच्या पायथ्याचे गाव असो वा माहुली किल्ल्याच्या परिसरातले, लिहिणारा हात वेगळा असला तरी नोंदीचा अर्थ एकच राहावा, हा त्यामागचा हेतू.

४/ प्रत्येक नमुना वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. या जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे? नमुना ७. तिच्यात या हंगामात कोणते पीक आहे? नमुना १२. या खातेदाराची गावात एकूण किती जमीन आहे? नमुना ८-अ. हक्कात बदल कसा झाला? नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही.

५/ आता हे चारही नमुने एजंटच्या हाती दिले आणि प्रत्येकापुढे ‘जमिनीची माहिती मिळवा’ एवढेच लिहिले, तर तो निवड कशी करणार? अंदाजाने. त्याऐवजी असे लिहावे: ‘गट क्रमांक दिल्यास त्या जमिनीचे हक्कदार व इतर हक्क दाखवते. एका व्यक्तीची गावातील एकूण जमीन हवी असल्यास हे साधन वापरू नये, ८-अ पाहावा.’ साधन काय करते याइतकेच ते काय करत नाही, हेही सांगावे लागते.

६/ मग एककाचा प्रश्न. जुन्या कागदावर ‘१-२०’ म्हणजे १ एकर २० गुंठे. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणून ही जमीन दीड एकर भरते. तोच आकडा दशांश समजून वाचला तर १.२ एकर होतो, आणि हेक्टर-आर समजला तर जवळजवळ ३ एकर. आकडा तोच, जमीन मात्र तीन वेगळ्या मापांची. साधनाच्या वर्णनात ‘क्षेत्र’ एवढेच लिहून सोडणे म्हणूनच धोक्याचे.

७/ शब्दांचेही तसेच. ‘वरकस’ म्हणजे भातखाचराबाहेरची उताराची जमीन. नाचणी, वरी, गवत आणि राबासाठीचा पालापाचोळा देणारी. ‘भोगवटादार वर्ग २’ हा जमिनीचा दुय्यम दर्जा नव्हे. तिच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत, असा त्याचा अर्थ. हे स्पष्ट लिहिले नाही, तर गावाबाहेरचा वाचक स्वतःचा अर्थ लावतो. यंत्रही तेच करते.

८/ उत्तराचे वजन किती, हेही वर्णनात हवे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार हक्कनोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे ती अंतिम निवाडा नव्हे. प्रमाणित न झालेला फेरफार तर आणखी कच्चा. एजंटने तो पक्का हक्क म्हणून सांगितला, तर दोष वर्णन लिहिणाऱ्याकडे जातो.

९/ शासनानेही हे नमुने वेळोवेळी सुधारले. २०२० च्या सुधारणेत शेतजमिनीसाठी हेक्टर-आर-चौरस मीटर आणि बिनशेतीसाठी आर-चौरस मीटर अशी एकके स्पष्ट झाली. बिनशेती क्षेत्रासाठी नमुना १२ ची आवश्यकता नाही, अशी सूचनाही आली. कोठे वापरू नये, हे साधनावरच लिहिण्याचे हे उत्तम उदाहरण.

१०/ या काटेकोरपणाचे मोल शेतकऱ्याने जाणले आहे. १९४८ च्या कूळ कायद्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. अपवाद वगळता, त्या दिवशी जमीन कसणारे कूळ ती विकत घेतल्याचे मानले गेले. मग कसणारा कोण, हे सिद्ध करताना वहिवाटीच्या नोंदीला महत्त्व आले. ज्याचे नाव रकान्यात चढलेच नव्हते, त्याला साक्षीदार शोधावे लागत. त्यातले कितीतरी जण तो रकाना वाचूही शकत नव्हते.

११/ म्हणून नमुन्याचा इतिहास दोन गोष्टी शिकवतो. नेमके वर्णन संदिग्धता दूर करते. अन्याय दूर करण्यासाठी नोंद करणाऱ्याची नियत आणि नोंद तपासण्याची सोय हीदेखील लागते. एजंटसाठी साधन लिहिणाऱ्या तरुणाने समोर दोन माणसे कल्पावीत: एक, ज्याला शंका विचारायला कोणीच नाही असा वाचणारा, आणि दुसरा, ज्याची जमीन त्या वाचण्यावर अवलंबून आहे.