चित्रदोष, घरगुती दूरचित्रवाणीतील (नांदेड-लातूर)

प्रक्षेपित संकेत क्षीण झाल्यास किंवा संच चुकीच्या वारंवारतेवर लागल्यास पडद्यावर उमटणारे दोष. अँटेनाच्या काळात पडद्यावर ‘मुंग्या’ दिसल्या की संकेत कमजोर असे. सावलीसारखे दुहेरी चित्र इमारतीवरून परावर्तित लहरींमुळे पडे. एकाने गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ ओरडायचे, ही तेव्हाची दुरुस्ती.

डिश आल्यावर मुंग्या गेल्या. आता चित्र चौकोनांत फुटते, गोठते किंवा ‘नो सिग्नल’ येते. मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिश ही सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहावरून मिळते. त्यामुळे नांदेड-लातूरला डिशचा रोख आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर हवा. वादळाने ती जराशी हलली तरी चित्र जाते. मुसळधार पावसात संकेत शोषला जाऊन चित्र गेले तर डिश हलवू नये. सर ओसरताच ते परततेच.

इतर वेळी आधी वायरीचा जोड उघडून पाहावा: तांब्याची तार हिरवी पडली असेल तर टोक कापून नवा कनेक्टर बसवावा. चित्र ठीक असून काही वाहिन्याच गायब असतील तर ऑटो स्कॅन पुरतो. विजा चमकत असताना गच्चीवर मुळीच जाऊ नये.