मंत्रचळ (ओसीडी) : मेंदूची रचना

मंत्रचळ झालेल्या माणसाच्या मनात नकोसे विचार पुन्हा पुन्हा घुसतात आणि हात धुणे, कडी-कुलूप तपासणे, मोजत राहणे अशा कृती केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. अशा रुग्णांच्या मेंदूत सहसा गाठ, व्रण किंवा नजरेत भरणारा बिघाड सापडत नाही. फरक असतात, पण ते सूक्ष्म आणि मोठ्या गटांच्या सरासरीतच दिसणारे.

पहिला संशय मेंदूच्या तळाशी खोलवर असलेल्या केंद्रकांवर, म्हणजे तळकेंद्रकांवर गेला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पसरलेल्या निद्राळू मेंदूदाहातून वाचलेल्या काहींमध्ये, तसेच सिडनहॅम कोरिया (अंगाच्या अनैच्छिक हालचालींचा आजार) झालेल्या मुलांमध्ये मंत्रचळाची लक्षणे दिसली होती, आणि हे दोन्ही आजार तळकेंद्रकांना बाधतात. १९८७ मध्ये अमेरिकेत ल्यूइस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर दाखवले, की डोळ्यांच्या खोबणीवरचा अग्रखंडाचा भाग व पुच्छ केंद्रक (तळकेंद्रकांपैकी एक) रुग्णांमध्ये जास्त ग्लुकोज वापरतात. पेट स्कॅनचे लाल-पिवळे चित्र रचनेचे नव्हे, इंधनखर्चाचे. लोकप्रिय लेखांत हा भेद अनेकदा हरवतो. अग्रखंड, तळकेंद्रके, थॅलॅमस आणि पुन्हा अग्रखंड असे चेतामंडल या आजारात अति सक्रिय असते, हे गृहीतक अशाच निरीक्षणांतून रुजले.

रचनेच्या मोजमापांत मात्र बराच काळ गोंधळ होता. पुच्छ केंद्रक कुणाला लहान आढळले, कुणाला मोठे, कुणाला नेहमीएवढेच. बहुतेक अभ्यासांतले रुग्ण मोजकेच होते. ही उणीव एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने भरून काढली. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेसह अनेक केंद्रांतील एमआरआय एकत्र करून २०१७ मध्ये १,८०० हून अधिक रुग्णांची निरोगी व्यक्तींशी तुलना झाली. प्रौढ रुग्णांत हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) किंचित लहान व पॅलिडम (तळकेंद्रकांपैकी आणखी एक) किंचित मोठा निघाला. औषध न घेणाऱ्या मुलांत थॅलॅमस मोठा होता. पुढच्या वर्षी याच गटाला प्रौढांत पार्श्वखंडाच्या खालच्या भागाचे बाह्यक (मेंदूचा बाहेरचा थर) पातळ आढळले. औषध घेणाऱ्या प्रौढांत हा पातळपणा अधिक पसरलेला होता. तो औषधाचा परिणाम की मुळातच आजार तीव्र असल्याची खूण, हे अशा एकवेळच्या तुलनेतून ठरत नाही.

रुग्ण आणि निरोगी यांची मापे एकमेकांत इतकी मिसळतात, की एकट्या माणसाचा एमआरआय पाहून निदान करता येत नाही. ते लक्षणांवरूनच होते. उपचारांत मात्र मेंदूतील ठरावीक जागा लक्ष्य करता येते: अन्य उपायांना दाद न देणाऱ्या मोजक्या तीव्र रुग्णांत अंतःसंपुटाच्या (अग्रखंड व थॅलॅमस यांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याच्या) पुढील भागात विद्युताग्र बसवण्यास अमेरिकेने २००९ मध्ये मर्यादित परवानगी दिली.