सुबाभळीची सोबत

सुबाभूळ म्हटलं की माझ्या वयाच्या माणसांना १९८०च्या आसपासचे दिवस आठवतात. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला स्थापन केलेल्या 'बायफ' संस्थेनं तिचा मोठा प्रसार केला होता. चारा, सरपण, लाकूड, सगळं एकाच झाडापासून! पण या झाडाच्या इतिहासातला सर्वात विलक्षण भाग घडला तो ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमध्ये.

तिथली कुरणं अफाट. पावसाळ्यात गवत भराभर वाढतं, पण पाऊस संपला की वाळून निकृष्ट होतं. त्यातली प्रथिनं सहा-सात टक्क्यांच्या खाली गेली की गुरांच्या पोटातल्या जिवाणूंचीच उपासमार होते. मग पोट भरलेलं दिसतं, पण जनावर खंगत जातं. मूळ दुखणं जमिनीतल्या नत्राच्या कमतरतेचं.

यावर उपाय दोन. एक, युरियासारखं खत. ते टाकलं की गवत तरारून येतं, पण ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. दुधाच्या धंद्यात ते परवडेलही. हजारो हेक्टरांच्या कोरडवाहू कुरणाला कसं परवडणार? दुसरा उपाय द्विदल वनस्पतींचा. हवेत ७८ टक्के नत्र आहे. द्विदलांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो पकडून झाडाला देतात.

सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. स्पॅनिश जहाजांतून ती फिलिपिन्सला आली आणि पुढे उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरली. पाल्यात प्रथिनं वीस टक्क्यांहून अधिक. क्वीन्सलंडच्या शास्त्रज्ञांना ती आवडली नसती तरच नवल! मात्र तिथल्या मातीत तिला मानवणारे जिवाणू नव्हते. म्हणून पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळावं लागे. तेवढं केलं की झाड जोमानं वाढे.

आणि तरीही गुरं आजारी पडू लागली. जास्त पाला खाल्लेल्या जनावरांचे केस गळत, भूक मंदावे, गळ्यातली ग्रंथी सुजे. पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. पोटात गेल्यावर त्याचंच दुसरं एक द्रव्य तयार होतं आणि ते गलगंड आणतं, हे १९७६ साली स्पष्ट झालं.

इथे रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं एक साधा प्रश्न विचारला. हवाई बेटांवरची जनावरंही हाच पाला भरपूर खातात, मग त्यांना काहीच कसं होत नाही? त्याला वाटलं, फरक झाडात नाही, जनावराच्या पोटात असावा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या बकऱ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या जनावरांना पाजले गेले. त्यांच्या पोटात त्या द्रव्याचा निचरा होऊ लागला. १९९२ साली त्या जिवाणूला जोन्सचंच नाव मिळालं, 'सिनर्जिस्टिस जोन्सी'. पुढे तो टाकीत वाढवून पशुपालकांना पुरवला जाऊ लागला. अलीकडच्या संशोधनातून दिसतं की जनावराचं यकृतही या विषाचा बराच बंदोबस्त करतं. म्हणजे गोष्ट अजून पुरती संपलेली नाही. पण आज क्वीन्सलंडमध्ये एक लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर सुबाभळीची कुरणं आहेत.

मला या इतिहासात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण परक्या मुलखातून एखादं उपयोगी झाड आणतो, म्हणजे केवळ बी आणतो. त्या झाडाचं गणगोत मागेच राहतं. मुळांतला सोबती आणला नाही तर झाड खुरटतं, पोटातला सोबती नसेल तर जनावर खंगतं. आणि तिला आवरणाऱ्या गोष्टी मागे राहिल्या म्हणजे काय होतं, ते आपल्याकडच्या ओढ्याकाठी, पडीक रानात माजलेली सुबाभूळ पाहिली की कळतं. शेंगा पिकण्याआधी ती छाटली किंवा चारली, तर रान माजत नाही. पण ते काम दरवर्षी कुणीतरी करावं लागतं.

खताच्या पोत्यावर किंमत छापलेली असते. द्विदलांचा नत्र फुकट म्हणतात खरा. त्याची किंमत मात्र अशी राखणीत आणि निरीक्षणात द्यावी लागते. जोन्सनं ती दिली म्हणून क्वीन्सलंडची कुरणं हिरवी राहिली.