डोळे मिटा, डोळे उघडा

बत्तीस वर्षं मी पुण्यातल्या एका रुग्णालयात ई.ई.जी., म्हणजे मेंदूच्या विजेचे आलेख, काढले. डोक्याला पेस्ट लावायची, तारा चिकटवायच्या आणि सांगायचं, "काका, डोळे मिटा." मिटले की सेकंदाला आठ ते तेरा लाटांची घट्ट वेणी कागदावर उतरायची. ती अल्फा. "आता उघडा" म्हटलं की वेणी सुटायची. ट्रे पडला तरी सुटायची.

माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी, १९२४ मध्ये. त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि 'योगमीमांसा' त्रैमासिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात काय होतं, हे त्यांनी त्याआधीच बडोद्यात क्ष-किरणांखाली पाहिलं होतं. योगावर श्रद्धा होतीच, पण ती मोजपट्टीला लावायची तयारीही होती. तेव्हा मोजता यायचे ते पोट, श्वास, रक्तदाब. मेंदूची पाळी नंतर आली.

१९६१ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'मधल्या आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या ई.ई.जी.वरचा निबंध छापला. समाधीत बसलेल्या चौघांपैकी काहींपुढे प्रखर दिवा धरला, मोठा आवाज केला. अल्फा तुटली नाही. आणखी दोघांनी चार अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला, तरी अल्फा टिकली. हे वाचताना मला अल्फाचं नवल वाटलं नाही. डोळे मिटून पडलेल्या बहुतेकांची ती येते. नवल तिच्या न तुटण्याचं.

पण लाटेवरून मनात काय चाललंय ते कळत नाही. २००१ मध्ये अमेरिकेत मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हातात काम नसतानाही मेंदूचे काही भाग जागेच असतात. या जाळ्याला 'डिफॉल्ट मोड नेटवर्क' म्हणतात. रिकामं मन कालचं भांडण आणि उद्याची बिलं उगाळत बसतं, तेव्हा हेच जाळं कामाला लागलेलं असतं. २०११ मध्ये येल विद्यापीठात जडसन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी १२ मुरलेले साधक नवख्यांशी ताडून पाहिले. ध्यानात साधकांच्या या जाळ्याचे मुख्य भाग अधिक शांत होते. शिवाय त्याच्या मागच्या भागाचं मनाला आवर घालणाऱ्या भागांशी संधान अधिक पक्कं होतं, आणि तेही ध्यान करत नसतानासुद्धा.

मात्र ध्यानाने मेंदू असा झाला, की असा मेंदू असलेलीच माणसं ध्यानाला टिकली, हे एवढ्या ताडण्यावरून ठरत नाही. दिल्लीला सहा योगी, येलला बारा साधक. एवढ्या भांडवलावर 'मेंदू बदला' अशा पाट्या लावणाऱ्यांनी लोणावळ्याचा जुना शिरस्ता पाळावा: आधी मोजावं, मग बोलावं.