‘मास्टर ऑफ ओरायन’ : चार खेळ, चार राज्यपद्धती

दोन टेहळणी जहाजे, एक वसाहतीचे जहाज, एक मायग्रह आणि भोवताली अज्ञात ताऱ्यांचा पसारा. एवढ्या भांडवलावर आकाशगंगेत साम्राज्य उभारायचे, हा ‘मास्टर ऑफ ओरायन’ या संगणकीय खेळमालिकेचा विषय. ‘ओरायन’ म्हणजे आपल्याकडचे मृग नक्षत्र. या खेळांत मात्र ते एका प्राचीन, लुप्त झालेल्या जातीच्या ग्रहाचे नाव आहे. १९९३ ते २०१६ या काळात मालिकेचे चार मुख्य खेळ निघाले. चित्रांची सफाई उत्तरोत्तर वाढत गेली, हे उघडच आहे. परंतु जुना खेळ श्रेष्ठ की नवा, हा रसिकांमधील वाद मुख्यतः वेगळ्याच प्रश्नाभोवती फिरतो : सम्राटाने कशात लक्ष घालावे आणि काय इतरांवर सोपवावे?

पहिला खेळ : पट्ट्यांवरचा कारभार

स्टीव्ह बार्सिया यांच्या सिमटेक्स या अमेरिकी कंपनीने तयार केलेला पहिला खेळ १९९३ मध्ये मायक्रोप्रोजने प्रकाशित केला. त्याच वर्षी ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ या मासिकात ॲलन एमरिक यांनी त्याचा परिचय करून देताना ‘फोर-एक्स’ ही संज्ञा वापरली. शोध, विस्तार, साधनसंपत्तीचा वापर आणि शत्रूचा उच्छेद या चार अर्थांच्या इंग्रजी क्रियापदांवरून ती आली आणि पुढे या संपूर्ण प्रकाराचेच नाव होऊन बसली.

या खेळात एका ताऱ्याला फार तर एकच वसाहतयोग्य ग्रह असतो. ग्रहाचा सारा कारभार जहाजबांधणी, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन अशा पाच सरकत्या पट्ट्यांवर चालतो. एकीकडे उत्पन्न वाढवले की दुसरीकडे आपोआप कमी होते. वसाहती कितीही वाढल्या तरी एका ग्रहाकडे पाहायला काही क्षण पुरतात. राहिलेले लक्ष युद्ध, हेरगिरी आणि राजनीतीला देता येते.

साधेपणातही निर्णय मात्र कठोर आहेत. एका वेळी जहाजांचे सहाच आराखडे बाळगता येतात. सातवा हवा असेल, तर जुन्यांपैकी एक रद्द करावा लागतो आणि त्या आराखड्याची सर्व जहाजे मोडीत निघतात. संशोधनाची क्षेत्रे सहा. पण प्रत्येक डावात काही शोध उपलब्धच नसतात. ते दुसऱ्या साम्राज्याकडून देवघेवीत मिळवावे लागतात, नाहीतर चोरावे लागतात. दर २५ वर्षांनी भरणाऱ्या आकाशगंगेच्या परिषदेत दोन-तृतीयांश मते मिळवणारा सम्राट लढाईविना जिंकतो. त्यामुळे शेजाऱ्याशी वागताना पुढच्या मतदानाचाही विचार करावा लागतो.

दुसरा खेळ : तपशिलांचे वैभव

‘बॅटल ॲट अँटारेस’ हे उपशीर्षक असलेला दुसरा भाग सिमटेक्सने १९९६ मध्ये आणला. येथे एका ताऱ्याभोवती पाचपर्यंत ग्रह असू शकतात. प्रजेची शेतकरी, कामगार आणि शास्त्रज्ञ अशी विभागणी करावी लागते. प्रत्येक वसाहतीत इमारती एकेक करून बांधाव्या लागतात. पहिल्या भागातील दहा जातींत आणखी तीन जातींची भर पडली. शिवाय दहा गुणांच्या भांडवलावर आपली स्वतंत्र जात घडवण्याची सोय झाली. दोष स्वीकारले की अधिक गुण मिळतात, हा हिशेबच अनेकांना खेळाइतका रंजक वाटतो.

संशोधनातील बदल सर्वांत महत्त्वाचा. बहुतेक टप्प्यांवर दोन-तीन शोध समोर येतात आणि सर्वसाधारण जातीला त्यांतील एकच घेता येतो. बांधकामाच्या सुरुवातीच्या एका टप्प्यावर स्वयंचलित कारखाने, क्षेपणास्त्र तळ आणि जहाजांचे जड चिलखत यांतून एकाची निवड करायची असते. कारखाने घेतले, तर उरलेले दोन स्वतःच्या प्रयोगशाळेतून मिळत नाहीत. निवडीचे परिणाम डावाच्या शेवटपर्यंत जाणवतात. एकाच यंत्रणेवर किंवा जाळ्यावर अनेकांनी मिळून खेळण्याची सोयही याच भागात आली.

या वैभवाची किंमत डावाच्या उत्तरार्धात मोजावी लागते. वसाहती तीस-चाळीसवर गेल्या की प्रत्येकीच्या इमारतींची यादी पुरी करण्यातच पाळी खर्ची पडते. विजय निश्चित दिसत असूनही तेथवर पोहोचायला कित्येक तास लागतात.

तिसरा खेळ : सुभेदारांचे राज्य

सिमटेक्स १९९७ मध्ये बंद पडली. २००३ मध्ये आलेला तिसरा भाग क्विकसिल्व्हर सॉफ्टवेअरने घडवला. दुसऱ्या भागातील तपशिलांचा भार हलका करणे हा त्याचा उद्देश होता. सम्राटाने धोरण आखावे आणि ग्रहांचा दैनंदिन कारभार संगणकाच्या सुभेदारांनी पाहावा, अशी रचना होती. कल्पना तर्कशुद्ध होती. तिचा व्यवहार मात्र फसला. सुभेदार काय करतात आणि का करतात, हे खेळाडूला स्पष्ट दिसत नसे. आकडेवारीचे पडदे पुष्कळ, पण आपल्या आज्ञेने काय बदलले, याचा उलगडा होत नसे. पाळीमागून पाळी नुसती संपवत राहिले तरी साम्राज्य चालते, ही तक्रार वारंवार ऐकू आली. मालिका त्यानंतर तेरा वर्षे थांबली.

चौथा खेळ : जुन्या वाटेवर परत

अटारीच्या दिवाळखोरीनंतर २०१३ मध्ये मालिकेचे हक्क वॉरगेमिंग या कंपनीने विकत घेतले. अर्जेंटिनातील एनजीडी स्टुडिओजने केलेला नवा ‘मास्टर ऑफ ओरायन’ ऑगस्ट २०१६ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झाला. त्याचा सांगाडा बव्हंशी दुसऱ्या भागाचा आहे. मूळच्या दहा जाती परतल्या आणि मार्क हॅमिलसारख्या नामांकित कलावंतांचे आवाज पात्रांना मिळाले.

दोन बदल मात्र मूलभूत आहेत. पहिल्या दोन खेळांत इंधनाच्या पल्ल्यातील कोणत्याही ताऱ्याकडे थेट जाता येई. नव्या खेळात ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरावीक मार्गांवरूनच प्रवास होतो. परिणामी अरुंद नाक्यावर तळ उभारून अख्खा प्रदेश राखता येतो. नवख्याला हे सोयीचे वाटते. जुन्या खेळाडूला मात्र शत्रू कोठूनही येईल ही धास्ती नाहीशी झाल्याची खंत वाटते. दुसरा बदल युद्धाचा. पूर्वी आळीपाळीने, जवळजवळ बुद्धिबळासारखी चालणारी लढाई आता सलग घडते. ती मध्ये थांबवून आज्ञा देता येतात. संशोधनातही एकातून एक निवडण्याचे प्रसंग तुरळक उरले आहेत.

निष्कर्ष

पहिल्या खेळाने तपशील कमी ठेवून प्रत्येक निर्णयाला वजन दिले. दुसऱ्याने निर्णयांची संख्या वाढवली आणि त्याबरोबर श्रमही वाढवले. तिसऱ्याने श्रम काढताना निर्णयही काढून घेतले. चौथ्याने वाट सुगम केली, पण चुकण्याची भीती आणि त्यातील गंमत काहीशी कमी केली. नव्याने खेळू पाहणाऱ्याने चौथ्यापासून आरंभ करावा. नियम ओळखीचे झाले की दुसऱ्याकडे वळावे. ज्याच्यापाशी एकच संध्याकाळ आहे, त्याला मात्र पहिल्या भागाइतका आटोपशीर साथीदार या मालिकेत दुसरा नाही. जुने दोन्ही खेळ आजच्या संगणकांवर चालतील अशा रूपात इंटरनेटवर विकत मिळतात. त्यांची चित्रे जुनाट दिसतील. पण परिषदेच्या मतदानाआधी शेजाऱ्याशी मैत्री करावी की त्याच्यावर चाल करावी, हा पेच आजही तितकाच अवघड आहे.